तीन जिभा, तीन खाचा

नत्थूजींनी यान तिसऱ्यांदा पुढे सरकवलं आणि तिसऱ्यांदा ते स्टेशनाच्या दारावर आपटून थांबलं. यान पुठ्ठ्याचं, वीतभर लांब. स्टेशनही पुठ्ठ्याचंच, जेवणाच्या ताटाएवढं. दोन्ही आज सकाळी छापून तयार झालेल्या तक्त्यातून कापलेली, खळ लावून चिकटवलेली, आणि खळ नीट वाळेपर्यंत नत्थूजींनी दम धरला होता. एवढं करूनही यान काही आत जाईना. जिभेसमोर जीभ येत होती आणि खाचेसमोर खाच.

नागपूरच्या महाल भागातल्या छापखान्याचे मालक गोपाळराव टेबलापलीकडे उभे होते. मुलांचा दिवाळी अंक काढायचं त्यांचं हे नववं वर्ष. माणूस चंद्रावर जाऊन चार वर्षं झाली होती आणि पोरांना अजून त्याचंच वेड होतं, म्हणून यंदा अंकासोबत कापून-चिकटवून करायचं अवकाशयान द्यायचं त्यांनी ठरवलं. तीन हजार तक्ते छापून मागच्या खोलीत छातीएवढ्या थप्प्या लागल्या होत्या. जाड पुठ्ठा तेवढाच होता, आणखी मिळायचा नव्हता.

"बसत काहून नाही हे, नत्थूजी?"

"खळ ओली असन जी."

नत्थूजी खोटं बोलले. खळ खडखडीत वाळली होती. चूक कोणती आणि कोणाची, हे त्यांना पहिल्याच धडकेला कळलं होतं. उगाच वेळ काढायला ते यान पुन्हा पुन्हा पुढे सरकवत होते.

हे नत्थूजी म्हणजे तांडापेठेतले कोष्टी. माग तर त्यांनी चालवलाच, पण त्यांचं नाव झालं ते काठांच्या नकाशांसाठी. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने एकेक घर भरायचं, एक घर म्हणजे एक धागा, आणि त्या घराघरांतून लुगड्याचा काठ उभा करायचा. उमरेडपर्यंतचे विणकर त्यांचे नकाशे मागून नेत. मग यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं, हातमाग एकामागून एक गप्प झाले आणि मागच नाही तर नकाशा कोण मागणार? दोन वर्षं नत्थूजी नुसते बसून होते. त्यांच्या बायकोचा, जनाबाईचा भाऊ बाबनराव लकडगंजात आरा मशीनवर मुकादम होता. तो दर रविवारी यायचा आणि सांगायचा, भाऊजी, फाटकावर चौकीदार पाहिजे, या. नत्थूजी दर रविवारी म्हणायचे, पाहू. चौकीदारी काही वाईट नव्हे. पण माणूस एकदा स्टुलावर हात बांधून बसला की त्याची बोटं मरतात, असं नत्थूजींना वाटायचं, आणि बोटं मेल्यावर आपण काय उरणार, या विचाराने त्यांना खरोखर धडकी भरायची.

अशात गोपाळरावांनी त्यांना बोलावलं होतं. हा एक तक्ता नीट उतरवा, नत्थूजी, मग तुम्ही इथलेच. शाळांचे नकाशे, अंकाची चित्रं, सगळं तुमच्याकडे. हे ऐकून नत्थूजी घरी गेले ते सायकल हातात धरून, पायी, कारण बसून चालवायचं भान नव्हतं. तेव्हा गोष्ट खेळण्याची दिसत असली तरी त्या पुठ्ठ्याच्या नाकावर एका माणसाचं उरलेलं आयुष्य टेकलेलं होतं.

तक्त्यासोबतची अवकाशकथा शामलाबाईंची. त्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत, आणि यंत्राची गोष्ट सांगताना यंत्र खरंच चालेल ना, याची फार काळजी करत. पहिल्या खर्ड्यात त्यांनी यानाच्या नाकावर खिळा दिला होता आणि स्टेशनाच्या दारात भोक. खिळा भोकात गेला की झाली जोडणी. नत्थूजींनी ते चित्र काढायला घेतलं आणि दोन दिवसांनी बाईंकडे परत नेलं.

"बाई, एक विचारू का? समजा दोन यानं रस्त्यात भेटली. एकाची हवा गळून राहिली. दुसरं मदतीले आलं. तं दोघांच्या बी नाकावर खिळाच. जोडाचं कसं?"

नत्थूजी भीतभीत पुढे म्हणाले, "म्हंजे वरपक्ष वरपक्षाच्या मांडवात गेल्यावानी होते जी. नवरीच नाही." आणि लगेच आपण भलतंच बोललो म्हणून कान पकडायला गेले.

बाई हसल्या नाहीत. कागद पुढे सरकवून म्हणाल्या, काढा. नत्थूजींनी एक कडं काढलं. कड्याच्या उजव्या अर्ध्यात तीन जिभा, पुढे आलेल्या. डाव्या अर्ध्यात तीन खाचा, तेवढ्याच मापाच्या. प्रत्येकाला हेच कडं. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की एकाचा उजवा हात दुसऱ्याच्या डाव्यासमोर येतो, तसंच इथे. याच्या जिभा त्याच्या खाचांत, त्याच्या जिभा याच्या खाचांत. अर्धं द्यायचं, अर्धं घ्यायचं. कोणी नवरा नाही, कोणी नवरी नाही. शिवाय कडं नाकावरही आणि शेपटीवरही, म्हणजे मागून कोणी आलं तरी अडायला नको; इंजिनं त्यासाठी दोन्ही कुशींना, कावडीसारखी. पंख मात्र नत्थूजींनी काढून टाकले. तिथे हवाच नाही म्हणता, मग पंख काय ओवाळायला ठेवायचे, असं ते म्हणाले.

बाईंनी अख्खी गोष्ट फिरवली. आता ती एका परक्या यानाची गोष्ट झाली. त्यातल्या लोकांची भाषा स्टेशनावर कोणाला येत नाही, त्यांची हवा संपत आली आहे, आणि तरी ते जोडले जातात, कारण कधीकाळी सगळ्या कारागिरांनी मिळून ठरवलं होतं की कड्यात भेद करायचा नाही. कोणतंही कडं कोणत्याही कड्यात बसलं पाहिजे. हे वाक्य गोष्टीत तीनदा येतं, आणि तिन्ही वेळा नत्थूजींनी ते आपल्या बोटाने अधोरेखित केल्यासारखं वाचलं होतं.

नमुना त्यांनी घरी करून पाहिला तेव्हा तो चपखल बसला होता. एकच कडं दोनदा गिरवून कापलेलं, बसणारच. घोटाळा झाला तो पक्क्या शाईत तक्ता काढताना. यानाचं कडं आधी काढलं, मग स्टेशनाचं काढायला घेतलं, आणि तीस वर्षांच्या सवयीने हाताने परस्पर काम उरकलं. लुगड्याला दोन काठ असतात. एक काठ काढला की दुसरा त्याच्यासमोर उलटा काढायचा, म्हणजे दोन्ही काठांचे मोर एकमेकांकडे पाहतात. हाताला तेच ठाऊक. स्टेशनाचं कडं नत्थूजींनी दुसऱ्या काठासारखं उलटं काढलं होतं. जिभा डावीकडे, खाचा उजवीकडे. काढून झाल्यावर दोन्ही शेजारी पाहिली, तेव्हा जोडी इतकी देखणी दिसली की त्यांनी स्वतःला शाबासकी दिली होती.

"काठ," ते शेवटी म्हणाले. "म्या काठ काढले जी."

गोपाळरावांना त्यातलं काही कळलं नाही, पण यान बसणार नाही एवढं कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पोरं पोस्टकार्डं लिहितात, नत्थूजी. अक्षरं मोडकी असतात, पण लिहितात. न बसणारं खेळणं मी त्यांले पाठवणार नाही. चार वाजता दफ्तरी कापणी-बांधणीले येऊन राहिले. उद्या अंक टपालात पडलाच पाहिजे, नाहीतर दिवाळी झाल्यावर कोण वाचते? चारच्या आत तुम्हाले काही सुचलं तर सांगा. नाही सुचलं तर मला सुचन ते मी करीन."

सकाळचे सव्वानऊ झाले होते. नत्थूजींनी यान आणि स्टेशन पिशवीत घातलं, सायकल काढली आणि घर गाठलं. वाटेत दोन ठिकाणी ते पडता पडता वाचले. तीन हजार तक्त्यांतली कडी कापून उलटी चिकटवावी, तर जिभा पलीकडे वळतात. नवी कडी साध्या कागदावर छापून द्यावीत, तर कागद मऊ पडतो. डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

जनाबाई ओसरीवर शेजाऱ्यांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. नवऱ्याचं तोंड पाहून तिने चरखा थांबवला.

"काय झालं जी?"

नत्थूजींनी सांगितलं. "मी संपलो वं. बाबनरावाले निरोप दे, येतो म्हणा फाटकावर. एवढं एक काम भेटलं होतं, थे बी ह्या हातानं माती केलं."

जनाबाईला यान-बिन काही ठाऊक नव्हतं, पण काठ ठाऊक होते. जन्मभर तिने नवऱ्याचेच काठ नेसले होते. ती विचार करून म्हणाली, "दोन काठ उलटे निंगाले, तं त्यात रडाचं काय? लुगडं फिरवून नेसलं का खालचा काठ वर जाते अन् वरचा खाली येते. कोणाले समजते?"

नत्थूजींनी पिशवी उपडी केली, स्टेशन मांडीत धरलं आणि यान पालथं केलं, पोट वर, पाठ खाली. डावीकडच्या खाचा उजवीकडे गेल्या. त्यांनी यान हलकेच पुढे लोटलं. सहाच्या सहा जिभा सहाच्या सहा खाचांत गेल्या आणि बारीकसा आवाज झाला. नत्थूजींनी यान सोडलं तरी ते पडलं नाही.

ते तसेच छापखान्यात परत. गोपाळरावांनी पालथं यान स्वतः लावून पाहिलं, काढून पाहिलं, पुन्हा लावलं. चेहरा जरा सैल झाला. पण गोष्टीच्या शेवटच्या पानावर बाईंनी स्पष्ट लिहिलं होतं की कप्तान दारावरचा दिवा डोक्यावर आहे ना ते पाहून यान सरळ करतो आणि मगच जोडतो. पोरं तसंच करणार आणि फसणार. शेवटचा फर्मा, म्हणजे गोष्टीची शेवटची पानं, अजून छापायचा होता, अक्षरांचे खिळे जुळवून तयार होते, बदलता आले असते.

"पण लेखकाच्या अक्षराले मी हात नाही लावत," गोपाळराव म्हणाले. "नऊ वर्षांत लावला नाही. बाईंच्या हातचं लिहून आणा, मी अर्ध्या घंट्यात बदलतो. बाई तं सुट्टीत माहेरी गेल्या, कुहीले. होते का चारच्या आत?"

"होते जी," नत्थूजी म्हणाले. होतं की नाही याचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

कुहीची एसटी साडेदहाची मिळाली. उभ्यानेच गेले. पिशवी छातीशी धरली होती, आणि कोणी धक्का दिला की ते पिशवीसकट भिंतीकडे वळायचे. कुहीला उतरून विचारत विचारत घर सापडलं तेव्हा साडेबारा होत होते. शामलाबाई अंगणात खाटेवर धान वाळत घालत बसलेल्या आईला उन्हातून सावलीत ये म्हणून विनवत होत्या. फाटकाशी नत्थूजींना पाहून त्यांना वाटलं, नागपुरात कोणाचं तरी काही बरंवाईट झालं.

"झालं माझंच," नत्थूजी म्हणाले आणि पायरीवर बसले. मग पिशवी उघडून सगळं दाखवलं. चूक लपवली नाही, काठांचंही सांगितलं.

बाईंनी यान सरळ लावून पाहिलं, मग पालथं. नंतर त्या स्वतःवरच चिडल्या. "नत्थूजी, वर्गात मी पोरींना घसा फोडून सांगते की अवकाशात वर-खाली काही नसतं. आणि गोष्टीत मात्र दिवा डोक्यावर पाहिजे म्हणून बसले. तुमचं चुकलं ते राहू द्या, माझं आधी चुकलं."

त्यांनी पाठीमागे कोऱ्या असलेल्या एका परीक्षेच्या पेपरावर तिथेच लिहायला घेतलं. पाऊण तास लागला. नव्या शेवटात कप्तान दोनदा सरळ धडकतो, हवा सहा मिनिटांची उरते, आणि मग त्याच्या ध्यानात येतं की सरळ ही आपल्या घरची सवय आहे, इथली नव्हे. तो यान पालथं करतो. दार उघडतं तेव्हा स्टेशनावरच्या डॉक्टरीणबाईंना पाहुणे छताला पाय लावून उभे दिसतात, आणि त्या उलट्याच हाताने त्यांचा हात धरतात. नत्थूजींनी वाचलं. पहिल्यापेक्षा हेच चांगलं उतरलं होतं. सकाळपासून पहिल्यांदा ते पाणी प्यायले. बाईंची आई जेवायला वाढते म्हणाली, पण नत्थूजी बस चुकेल म्हणून उठले.

दीडची बस वेळेवर सुटली. बारा मैलांवर तिचं चाक बसलं. वरचं जादा चाक खाली काढलं तर त्यातही हवा नव्हती. कंडक्टर म्हणाला, दुसरी गाडी येईन, बसा. लोक झाडाखाली बसले, तंबाखू मळू लागले. नत्थूजी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि येईल त्या वाहनाला हात करत सुटले. एक जीप थांबली नाही. एक बैलगाडी थांबली, पण ती पुढच्याच गावाची. नत्थूजी चालू लागले. पायी नागपूर गाठणार नाही हे त्यांना कळत होतं, पण उभं राहणं शक्य नव्हतं. ते चालता चालता मोठ्याने बोलत होते, थांबा जी गोपाळराव, येऊन राहिलो, थांबा. अडीच वाजले असतील, तीन वाजले असतील. घड्याळ कोणाकडे होतं? तणसाने भरलेला एक ट्रक शेवटी थांबला आणि त्यांना वर तणसात बसवून नागपुरात सक्करदऱ्याला सोडून गेला.

तिथून महालापर्यंत ते पळाले. पन्नाशी उलटलेला माणूस, डोक्यात तणस, छातीशी पिशवी. लोक बाजूला होऊन वाट देत होते. छापखान्याच्या पायऱ्या चढताना त्यांनी कागद आधीच हातात काढून धरला होता.

दफ्तरी बाबाराव कापायच्या यंत्राजवळ कपडे झटकत होते. यंत्राच्या डाव्या हाताला यानांची नीट चौकोनी थप्पी होती. उजव्या हाताला पोती होती, तोंड बांधलेली. एका पोत्याच्या तोंडातून पुठ्ठ्याचा तुकडा बाहेर आला होता आणि त्यावर स्टेशनाचं अर्धं दार होतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं होतं, रचना आणि रेखाटन, आणि पुढे नत्थूजींचं नाव. नाव स्टेशनाच्या बाजूला टाका असं त्यांनीच सांगितलं होतं, कारण यानावर जागा नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती.

"साडेचारपावेतो थांबलो," गोपाळराव म्हणाले. "बाबारावले विचारा पाहिजे तं. ते निघून गेले असते तं उद्याचं टपाल हुकलं असतं. यान एकटं दिलं तरी खेळणं होते, नत्थूजी. पोरांची फसवणूक तं नाही होत."

नत्थूजींनी कागद पुढे केला. गोपाळरावांनी तो उभ्याउभ्या वाचला, घडी केली आणि हळूच परत दिला. "लई छान लिहिलं बाईंनी," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"मी जोडून देतो जी," नत्थूजी म्हणाले. "पोतेच्या पोते घरी नेतो. पट्टी लावून एकेक तक्ता जोडून देतो. जनाबाई हाय, मी हाय. दोन दिवस द्या. एक दिवस द्या." त्यांनी पोत्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. बाबाराव पुढे आले आणि त्यांनी नत्थूजींचा हात धरून बाजूला केला.

कायमच्या कामाचं गोपाळरावांनी त्या दिवशी काढलं नाही. नत्थूजींनीही विचारलं नाही. आठ दिवसांनी निरोप आला की सध्या गरज नाही, आणि त्या रविवारी बाबनराव आला तेव्हा नत्थूजी पाहू म्हणाले नाहीत, येतो म्हणाले.

लकडगंजातलं ते फाटक मोठं होतं. लाकडाच्या गाड्या आल्या की उघडायचं, गेल्या की लावायचं, मध्ये स्टुलावर बसायचं. आऱ्याचा आवाज दिवसभर दाताला झोंबायचा. नत्थूजी हात मांडीवर ठेवून बसत आणि कधी बोटांकडे पाहत. पहिले काही दिवस बोटं आपोआप मांडीवर चौकटी मोजायची. मग थांबली. दिवाळी आली तशी गेली. त्यांनी अंक पाहिला नाही, कोणी दाखवायला आणला तर तोंड फिरवलं.

शाळा उघडल्यावर दोन दिवसांनी शामलाबाई फाटकावर आल्या. उन्हात उभ्या राहून म्हणाल्या, "उद्या दुपारी माझ्या शाळेत यायचं."

"मले काही पाहाचं नाही, बाई."

"तुमच्यासाठी नका येऊ. माझ्यासाठी या. मी एकटीने ते पाहिलं आणि मला रात्रीची झोप नाही."

जेवणाच्या सुट्टीत नत्थूजी गेले. दोनच्या आत परत यायचं होतं. बाबनराव कुठे दिसला नाही, म्हणून फाटकाला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली आणि निघाले. शाळेत बाई त्यांना वरच्या मजल्यावर घेऊन गेल्या. व्हरांड्यात बाकं एकापुढे एक लावली होती आणि त्यांच्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, यानं होती. एकेचाळीस यानं. कोणाचं निळं रंगवलेलं, कोणाचं हळदीने पिवळं केलेलं, एकाला टिकल्या लावलेल्या. सगळी सरळ होती. एकाचं नाक दुसऱ्याच्या शेपटीत बसलं होतं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, आणि मध्ये कुठेही फट नव्हती.

नत्थूजी बाकाच्या कडेला टेकले.

"मी नाही सांगितलं त्यांना," शामलाबाई म्हणाल्या. "मला सुचलंच नव्हतं. ही गोपिका, हिने सुरू केलं."

गोपिका नावाची ती सहावीतली मुलगी पुढे आली. कोणी नवीन माणूस आला आणि त्याला समजावून सांगायचं आहे, एवढंच तिला कळलं होतं. तिने ओळीतलं एक यान सोडवून हातात घेतलं आणि मास्तरणीच्या थाटात सुरुवात केली. "हे पाहा काका, उजवीकडे तीन जिभा आहेत अन् डावीकडे तीन खाचा. सगळ्यांच्या यानाले सारख्याच. मी पहिले एकटीच खेळून राहिली होती, तं ते कशाले बी जोडताच नाही येत होतं. मग मी गोष्ट पुन्हा वाचली. त्यात लिहिलं आहे नं, कोणतंही कडं कोणत्याही कड्यात बसलं पाहिजे. मग मी मैत्रिणीचं यान मागतलं. स्टेशन कायले पाहिजे?"

तिने यान नत्थूजींच्या हातात दिलं. त्यांनी ते ओळीच्या शेवटच्या यानाला लावलं. सहा जिभा, सहा खाचा, तोच बारीक आवाज.

त्या सकाळी सव्वानऊ वाजता गोपाळरावांच्या टेबलावर यानाचं कडं बरोबर होतं. चुकलं होतं ते एकट्या स्टेशनाचं. स्टेशन कापून टाका जी, आणि खाली एक ओळ छापा, आपलं यान मित्राच्या यानाला जोडा. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. कुहीला जायचं नव्हतं, पळायचं नव्हतं, पोत्याची गाठ सोडायची नव्हती. गोपाळराव खुर्चीतून उठून आले असते, कायमचं काम राहिलं असतं. आणि हे वाक्य दुसऱ्या कोणाचं नव्हतं. ते नत्थूजींचंच होतं, बाईंच्या टेबलावर वरपक्षाची थट्टा करत त्यांनीच ते सांगितलं होतं. संकट आलं तेव्हा मात्र ते दुसरा काठ शोधत धावले.

"काका, हे तुम्ही काढलं का?" गोपिकेने विचारलं.

"हो गं, यांनीच," शामलाबाई म्हणाल्या.

"काढलं म्याच, पोरी," नत्थूजी म्हणाले. "समजलं तुले." आणि मग त्यांना रडू आवरलं नाही. एकेचाळीस मुलींसमोर ते तोंडावर हात न घेता रडले. मुली घाबरल्या, पण कोणीही ओळीतलं आपलं यान काढून घेतलं नाही.

खाली घंटा झाली. दोन वाजले होते. लकडगंजात कुलूप लावलेल्या फाटकाबाहेर गाड्या थांबल्या असतील, बाबनराव त्यांच्या नावाने ओरडत असेल, हे नत्थूजींना माहीत होतं. ते उठले नाहीत. शेवटच्या यानाचं मोकळं नाक बोटांत धरून ते तिथेच बसून राहिले.